घरामागच्या कोंबड्यांसाठी झटक्याचे कुंपण: येऊरच्या पायथ्याशी काय चालते आणि काय चालत नाही

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत ओवळ्याला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, त्यांच्या घरामागे सुमारे दोन गुंठे मोकळी जागा आहे आणि तिथे तीसेक गावरान कोंबड्या आहेत. गेल्या पावसाळ्यापासून कोंबड्या जाऊ लागल्या आहेत. काही भरदुपारी नाहीशा झाल्या, काही सकाळी मुंडके तुटलेल्या अवस्थेत खुराड्यातच सापडल्या, आणि अंडीही पूर्वीइतकी मिळत नाहीत. जागेभोवती चिकन जाळी आहे. ओळखीच्या एका वायरमनने सुचवले की घरातूनच एक वायर काढावी, मध्ये बल्ब घालावा आणि जाळीत करंट सोडावा. हे करावे का, आणि करू नये तर विजेचे कुंपण कसे असावे, असे त्या विचारतात.

बल्बचे उत्तर आधी देतो, कारण त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो. घरची वीज जाळीला जोडू नये; बल्ब घालूनही नाही आणि फक्त रात्रीपुरतीही नाही. बल्ब मध्ये घातला की करंट हलका होतो, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. प्रत्यक्षात ६० वॅटचा साधा बल्ब २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह वाहू देतो आणि बल्बमधली तार थंड असताना तिचा रोध कमी असल्याने प्रवाह याहूनही जास्त असतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात अशा जाळीला लागला, तर त्याच्या शरीरातून दीडशे मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह सहज जाईल. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. घराच्या बोर्डावरचे आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडते ते याच कारणासाठी. एमसीबीवर, म्हणजे भार जास्त झाला की पडणाऱ्या स्विचवर, भरवसा ठेवू नये, कारण एवढ्या लहान प्रवाहाला तो पडतच नाही. कोणी दगावले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल, गुन्हा दाखल होऊ शकतो आणि परिस्थितीनुसार त्याहून गंभीर कलमही लागू शकते. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात केवळ ठार मारणे येत नाही, तर सापळा लावणे, विष घालणे आणि जखमी करणे हेही येते. ज्या डोंगरामागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुरू होते, त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याने हे नीट लक्षात ठेवले पाहिजे.

शेतकरी ज्याला झटका मशीन म्हणतात ते यंत्र वेगळ्या तत्त्वावर चालते. त्यात बॅटरीची ऊर्जा एका कपॅसिटरमध्ये साठवली जाते आणि साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळात, तारेत सोडली जाते. दाब पाच ते आठ हजार व्होल्टपर्यंत असतो, पण ऊर्जा अगदी मोजकी असते. आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५०० ओहमच्या रोधावर एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जाऊ नये, झटका १० मिलिसेकंदांपेक्षा लांबू नये आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर असावे. हे एक सेकंदाचे अंतरच प्राण वाचवते, कारण स्नायू आखडून पुन्हा सैल होतात आणि माणूस काय किंवा मुंगूस काय, मागे सरकू शकतो. बाजारात मात्र झटका मशीन या नावाखाली सलग वीज सोडणारे इन्व्हर्टरचे डबेही विकले जातात. खरेदी करताना यंत्रावर मानकाचा उल्लेख आहे का आणि आउटपुट ज्यूल किती ते लिहिले आहे का हे पाहावे, आणि ते दुकानातच चालू करून घ्यावे. ठरावीक अंतराने ‘टक्’ असा आवाज येणारे यंत्र घ्यावे; सलग गुणगुणणारे घेऊ नये.

कुंपणाकडे वळण्यापूर्वी चोर कोण हे ठरवले पाहिजे, कारण प्रत्येकासाठी उपाय वेगळा आहे. ताईंनी सांगितलेल्या खुणांवरून मला येथे एकाहून अधिक प्राणी दिसतात. मुंगूस हा दिवसा हिंडणारा प्राणी आहे. भरदुपारी कोंबडी नाहीशी होत असेल आणि खुराड्याच्या मागे कवचांचे तुकडे पडलेले असतील, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. तो अंडे पुढच्या पायांत धरून मागच्या पायांमधून दगडावर किंवा भिंतीवर आपटतो, त्यामुळे कवच एकाच जागी फुटलेले आढळते. कवचाचा मागमूसही नसेल तर धामण, नाग किंवा घोरपड यांचा विचार करावा, कारण ते अंडे अख्खे गिळतात. रात्री मुंडके तुटून धड आतच राहणे हे उदमांजर, जवादी मांजर किंवा रानमांजर यांच्याकडे बोट दाखवते. चिकन जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीची मान जाळीच्या भोकातून ओढली जाते, पण धड बाहेर येत नाही. एका रात्रीत बऱ्याच कोंबड्या मारून न खाता टाकलेल्या असतील तर तो बहुधा भटक्या कुत्र्यांचा उद्योग असतो. एखादी कोंबडी उचलून नेली आणि कुंपणाबाहेर पिसांचा सडा पडला असेल, तर रानमांजर किंवा कोल्हा. कोल्हे ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठच्या कांदळवनात आजही आहेत, आणि ऐरोली, वाशी, खारघरकडच्या वाचकांनी त्यांना हिशेबात धरावे. लहान पिल्ले मात्र घार, शिक्रा आणि कावळे आकाशातून उचलतात, आणि रात्री घूस त्यांना बिळात ओढते.

खात्री करण्याचा एक साधा मार्ग म्हणजे संध्याकाळी खुराड्याभोवती चुलीची चाळलेली राख हातभर रुंदीच्या पट्ट्यात पसरून ठेवणे. चार बोटांचा आणि नख्यांच्या खुणा नसलेला ठसा मांजरकुळातल्या प्राण्याचा असतो. चार बोटे आणि नख्याही उमटल्या असतील तर कुत्रा किंवा कोल्हा. पाच बोटांचा ठसा उमटला तर मुंगूस किंवा उदमांजर. मुंगूस दिवसाचा आणि उदमांजर रात्रीचे असल्याने ठसा सकाळी दिसला की संध्याकाळी, यावरून त्या दोघांतला फरकही कळतो.

आता माझे ठाम मत सांगतो. विजेचे कुंपण ही दुसरी फळी आहे. पहिली फळी म्हणजे रात्री बंद होणारे मजबूत खुराडे. तार तुटते, बॅटरी उतरते, गवत टेकते, आणि नेमक्या त्याच रात्री प्राणी येतो. षटकोनी भोकांची चिकन जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी असते, शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. खुराड्याच्या सर्व बाजूंना, झडपांना आणि वाऱ्याच्या फटींना १२ मिलिमीटर भोकाची वेल्ड मेश, म्हणजे अर्ध्या इंचाची जोडलेली जाळी, लावावी. तीच जाळी खुराड्याच्या बाहेर जमिनीवर दीड फूट आडवी पसरून वर माती आणि दगड टाकावेत, म्हणजे पायथ्याशी उकरणाऱ्या प्राण्याच्या नख्या जाळीत अडकतात आणि तो थांबतो. बसायच्या काठ्या जाळीपासून निदान हातभर आत घ्याव्यात. मुंडके ओढले जाण्याचे प्रकार एवढ्यानेच बंद होतात. दाराला नुसती फिरती खिटी पुरत नाही, तर कडी लावून त्यात खिळा किंवा हुक अडकवावा. दिवेलागणीला कोंबड्या मोजून दार लावणे हे काम घरातल्या एका ठरावीक माणसाकडे असावे.

दोन गुंठे म्हणजे सुमारे दोनशे चौरस मीटर जागा आणि तिचा परिघ साठ मीटरच्या आसपास येतो. एवढ्यासाठी परदेशी पद्धतीचे विद्युत जाळीचे गुंडाळे मी सुचवत नाही. त्या जाळीच्या सर्वांत खालच्या दोरीखेरीज बाकीच्या आडव्या दोऱ्या जिवंत, म्हणजे वीज वाहणाऱ्या, असतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तिच्यात बेडूक, साप, घोरपडीची पिल्ले अडकून वारंवार झटके खात मरतात. गवत वाढले की ती निकामी होते ते वेगळेच. त्यापेक्षा सध्याची उभी जाळी ताणून, पाच फुटांपर्यंत उंच करून, तशीच ठेवावी आणि तिच्या बाहेरच्या अंगाला लांब इन्सुलेटरवर तीन जिवंत तारा चढवाव्यात. पहिली तार जमिनीपासून १० सेंटिमीटर उंचीवर आणि जाळीपासून १० ते १२ सेंटिमीटर दूर असावी, म्हणजे मुंगूस आणि घूस यांचे नाक तिला लागते. दुसरी तार २५ ते ३० सेंटिमीटरवर असावी. कुत्रा, कोल्हा आणि रानमांजर हुंगत येतात ती ही उंची. तिसरी तार जाळीच्या वरच्या काठाच्या किंचित वर आणि बाहेर काढलेली असावी.

या तिसऱ्या तारेत सगळे मर्म आहे, आणि बहुतेक ठिकाणी चूक तिथेच होते. झटका बसण्यासाठी प्रवाहाला तारेपासून प्राण्याच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राकडे परत जाण्याचा मार्ग मिळावा लागतो. उदमांजर जाळी चढू लागले की त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. जाळी लाकडी किंवा सिमेंटच्या खांबांवर नुसतीच अडकवलेली असेल, तर वरच्या तारेला नाक लागूनही त्याला फारसे काही होत नाही आणि ते उडी मारून आत येते. त्यासाठी संपूर्ण जाळी यंत्राच्या अर्थिंगला जोडावी लागते. मग मागचे पंजे जाळीवर आणि नाक तारेवर, असे दोन्ही एका वेळी लागले की मार्ग पूर्ण होतो, आणि चढणारा प्राणी झटक्यासरशी मागे उडी घेतो. जाळीचे तुकडे जोडलेले असतील तर प्रत्येक जोडावर तारेचा पूल टाकावा, नाहीतर अर्धी जाळी अर्थिंगविना राहते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. प्राण्याची लव आणि कोंबडीची पिसे वीज रोखतात, म्हणूनच झटका नाकाला, ओठाला किंवा पंजाच्या तळव्याला बसेल अशी तारांची मांडणी करायची असते, आणि तारेवर सर्व ठिकाणी किमान तीन-चार हजार व्होल्ट असावे लागतात.

पाश्चात्त्य पद्धतीत प्राण्याने पहिल्यांदा नाकच लावावे म्हणून तारेला खाद्याचे आमिष बांधतात, आणि आपल्याकडेही काही जण सुका बोंबील बांधायला सांगतात. शहरात कुत्र्यांपुरते ते चालेलही, पण जंगलाच्या कडेला मी ते करू देत नाही. जो प्राणी वाट वाकडी करून गेला असता, त्याला आपण वासाने बोलावून आणतो.

यंत्र मोठे घेण्याची गरज नाही. साठ मीटरच्या परिघावर तीन तारा म्हणजे एकशे ऐंशी मीटर तार झाली; तिला अर्धा ज्यूल आउटपुटचे यंत्र पुरते. ‘स्टोअर्ड’ ज्यूल आणि ‘आउटपुट’ ज्यूल हे वेगळे आकडे आहेत आणि पहिला नेहमीच मोठा असतो, तेव्हा आउटपुटचा आकडा विचारावा. असे यंत्र १२ व्होल्टवर साधारण ०.१ अँपिअर घेते असे धरले, तर चोवीस तासांत २.४ अँपिअर-तास खर्च होतात. जुलैत ठाण्यात आठवडाभर ऊन न पडणे नवलाचे नाही, म्हणजे नुसते सात दिवस काढायलाच सतरा अँपिअर-तास लागतात. म्हणून ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी न घेता २० ते २६ ची घ्यावी आणि सोबत निदान २० वॅटचे पॅनल ठेवावे. महावितरणची वीज भरवशाची असेल तर बॅटरी चार्जरवर ठेवणे अधिक स्वस्त पडते. मुंगूस दिवसा येत असल्याने यंत्र चोवीस तास चालू ठेवावे लागेल. ते पेंढ्याजवळ, भुशाजवळ किंवा खुराड्याच्या आत ठेवू नये, कारण ठिणगीने आग लागू शकते.

यंत्रापासून कुंपणापर्यंत घरातली साधी वायर वापरली जाते, आणि पुढे महिनोन्महिने झटका कमी का याचा शोध चालतो. त्या वायरचे आवरण काहीशे व्होल्टसाठी बनवलेले असते आणि सहा-सात हजार व्होल्ट त्यातून ओल्या भिंतीत गळतात. येथे विद्युत कुंपणासाठीच बनवलेली, उच्च दाबाच्या दुहेरी आवरणाची केबल हवी. कुंपणाची तार दोन मिलिमीटर जाडीची, चांगले जस्त चढवलेली जीआय असावी. तांब्याची तार जीआय तारेला थेट पिळून जोडू नये. घोडबंदरला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे, आणि त्या खाऱ्या दमट हवेत असा जोड एका पावसाळ्यात कुजून हिरवट पांढरा होतो. काटेरी तारेत कधीही वीज सोडू नये, कारण कपडे किंवा कातडी अडकली तर मागे सरकण्याची सोयच उरत नाही.

अर्थिंग हा कुंपणाचा अर्धा भाग आहे, पण त्यावर खर्च करायला कोणी तयार नसते. जीआयच्या दोन मीटर लांबीच्या तीन सळया, एकमेकींपासून तीन मीटर अंतरावर, शक्यतो नळाच्या किंवा मोरीच्या पाण्याने ओल राहणाऱ्या जागी ठोकाव्यात आणि एकाच तारेने जोडाव्यात. घराच्या अर्थिंगपासून त्या किमान दहा मीटर लांब असाव्यात, नाहीतर झटके घरातल्या नळांना आणि उपकरणांना जाणवू लागतात. पावसाळ्यात जमीन ओली असल्याने सर्व काही सुरळीत चालते. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते, जेव्हा पायथ्याचा मुरूम कोरडा पडून वीज जवळजवळ वाहूच देत नाही. जाळी अर्थिंगला जोडलेली असली की ही अडचण बरीच सुटते, कारण परतीचा मार्ग कोरड्या मातीऐवजी लोखंडातून मिळतो. खालच्या तारेसाठी जाळीची फूटभर झालर जमिनीवर बाहेर पसरून तीही जोडली, तर उकरणे आणि कोरडी जमीन या दोन्हींवर एकच इलाज होतो.

अर्थिंग पुरेसे आहे का हे असे तपासावे. यंत्र बंद करून कुंपणाच्या दूरच्या टोकाला दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत खोचून तारेला टेकवाव्यात, मग यंत्र चालू करावे. तारेवरचा दाब दोन हजार व्होल्टच्या खाली गेला पाहिजे. आता कुंपणाच्या डिजिटल टेस्टरचे एक टोक अर्थिंगच्या सळईला आणि दुसरे टोक मीटरभर दूर जमिनीत खोचलेल्या खिळ्याला लावावे. आकडा तीनशे व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक आहे; जास्त असेल तर आणखी एक सळई ठोकावी. घरातला पेचकस-टेस्टर किंवा मल्टीमीटर या कामाला वापरू नये.

पावसाळ्यात सर्वांत मोठा शत्रू गवत असतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर टाकळा आणि कुर्डू पंधरा दिवसांत खालच्या तारेला भिडतात, आणि प्रत्येक ओले पान थोडी थोडी वीज जमिनीत उतरवते. तारेखाली दोन फुटांचा पट्टा खडीने भरून घ्यावा; तणनाशक मारू नये, कारण कोंबड्या तिथेच चरतात. मोठ्या शंखगोगलगायी रात्री खालच्या तारेवर चढून चिकटतात आणि तिथेच झटका संपवतात, म्हणून सकाळी एक फेरी मारून त्या काढाव्यात. अंधारात कुंपणाजवळ उभे राहिले तर गळतीच्या जागी बारीक चटचट ऐकू येते आणि कधी निळसर ठिणगीही दिसते. मृगाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की यंत्र कुंपणापासून पूर्ण सोडवून ठेवावे, आणि त्या रात्री खुराड्याच्या कडीकडे दुप्पट लक्ष द्यावे.

माणसांची काळजी यंत्र लावण्याआधी घ्यायची आहे. तारा आपल्या हद्दीच्या आत असाव्यात. शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीवर किंवा पायवाटेच्या कडेला नकोत. जिथून जिथून माणूस येऊ शकतो तिथे पिवळ्या पाटीवर ठळक मराठीत ‘विद्युत कुंपण, हात लावू नये’ असे लिहावे, आणि ज्यांना वाचता येत नाही अशा मुलांसाठी विजेचे चिन्हही काढावे. घरात किंवा शेजारी कोणाला पेसमेकर असेल तर त्यांना आधी सांगावे. दारावर जिवंत तार घेण्यापेक्षा जमिनीखालून नळीतून केबल नेऊन पलीकडे जोडावी. उद्यानाभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले आहे, म्हणून एवढ्या जवळ कुंपण घालताना वन परिक्षेत्र कार्यालयात एकदा लेखी विचारणा करून ठेवावी.

कोंबड्यांना झटका बसेल अशी भीती बाळगू नये. तारा बाहेरच्या अंगाला असल्याने त्यांना क्वचितच झटका बसतो, आणि बसला तरी पुन्हा त्या तिकडे मान घालत नाहीत. उडणाऱ्या तलंगांच्या एका पंखाची लांब पिसे कापली की पुरते. पिल्लांसाठी मात्र कुंपणाचा काही उपयोग नाही. घार आणि शिक्रा यांच्यासाठी वर नायलॉनची जाळी किंवा दाट झुडपांची सावली हवी, आणि पहिला महिना-दीड महिना पिल्ले खुडूक कोंबडीसोबत डालग्याखाली किंवा झाकलेल्या पिंजऱ्यात ठेवणे उत्तम. सापांवरही विजेचा भरवसा नाही. त्यांना १२ मिलिमीटरची जाळी बऱ्याच अंशी थोपवते, आणि सांडलेले दाणे रोज उचलले की उंदीर कमी होऊन सापही कमी येतात.

बिबट्यासाठी हे कुंपण नाही, हे स्पष्ट सांगतो. पाच फुटांची जाळी तो सहज ओलांडतो आणि धावत आलेल्या बिबट्याला एका सेकंदाने येणारा झटका लागेलच असे नाही. त्याला ओढून आणणारी मुख्य गोष्ट भटकी कुत्री असते, आणि कुत्री कचऱ्यावर जमतात. म्हणून मेलेली कोंबडी, आतडी, पिसे घरामागे किंवा नाल्यात न टाकता खोल पुरावीत आणि वर दगड ठेवावा. रात्री खुराडे वरूनही बंद असले की येथे काही मिळत नाही हे त्यालाही कळते. तो आवारात दिसला, किंवा कोणताही वन्यप्राणी तारेत अथवा जाळीत अडकला, तर जवळ जाऊ नये, गर्दी जमू देऊ नये, शक्य असेल तर लांबूनच यंत्र बंद करावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.